भाभांचं विमान आणि हिमनदीची साक्ष

24 जानेवारी आली की ग्रुपवर हा फॉरवर्ड हटकून येतो. थोडक्यात असा: ‘1966 साली होमी भाभांचं विमान मों ब्लां शिखरावर आदळलं नाही, हवेतच उडवलं. सामान शिखरापासून कितीतरी खाली सापडलं. 54 वर्षांनी वर्तमानपत्रं निघाली, तीही वाचता येतील अशी! शिवाय 1950 मध्ये तिथेच एअर इंडियाचं विमान पडलं होतं. सीआयएच्या अधिकाऱ्याने कबुलीही दिलीय.’

सामान खाली पडलं नाही, खाली आलं. फ्रान्स-इटली सीमेवरच्या या डोंगराच्या माथ्यालगत, 4,700 मीटरच्या आसपास, विमान धडकलं; 117 जण गेले. तिथला बर्फ बोसाँ हिमनदीतून शामोनीच्या खोऱ्याकडे सरकत राहतो. वर जे गिळलं, ते काही दशकांनी खालच्या वितळत्या टोकाशी बाहेर पडतं. 1820 मध्ये तीन वाटाडे इथल्याच बर्फाच्या भेगेत गडप झाले. जेम्स फोर्ब्स या स्कॉटिश शास्त्रज्ञाने हिमनदीच्या चालीवरून अंदाज बांधला, चाळीसेक वर्षांत खाली निघतील. 1861 मध्ये अवशेष निघू लागले. त्यांना कुणी हवेत उडवलं होतं?

वर्तमानपत्रं 2020 च्या उन्हाळ्यात 1,350 मीटरवर कॅफे चालवणाऱ्या माणसाला मिळाली. इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याची बातमी पहिल्या पानावर. ओली पानं त्याने वाळत घातली. कागद कुजवते बुरशी, आणि गोठणबिंदूखाली तिची डाळ शिजत नाही. (2012 मध्ये सापडलेल्या राजनैतिक टपालाच्या पिशवीचंही ‘गुपित’ असंच. आत निघाली वर्तमानपत्रं आणि कॅलेंडरं.)

आता योगायोग. दोन्ही विमानं जिनिव्हाला उतरायच्या बेतात होती आणि वाटेत आल्प्सचं सर्वांत उंच शिखर. घाटातल्या एकाच वळणावर गाड्या पलटतात, तेव्हा आपण कट शोधतो का? 1966 च्या फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष असा: विमानातलं एक दिशादर्शक यंत्र बंद होतं, वैमानिकाचा जागेचा अंदाज चुकला, नियंत्रकाने रडारवर पाहून चूक सांगितली, पण वैमानिक समजला की डोंगर मागे पडला, आणि तो खाली येत राहिला.

राहता राहिली कबुली. ती छापली गेली त्या अधिकाऱ्याच्या मृत्यूनंतर. उलटतपासणी कुणाची घेणार?