डायलिसिसचे यंत्र करोनाचा विषाणू गाळत नाही

‘डायलिसिसवर असलेल्यांनी करोनाला घाबरू नये’ अशा आशयाचा एक मजकूर रुग्णांमध्ये आणि त्यांच्या नातेवाइकांमध्ये पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्यात चार विधाने आहेत. डायलिसिसमध्ये रक्त गाळले जाते, त्यामुळे विषाणूही गाळला जातो. या रुग्णांची प्रतिकारशक्ती आधीच मंद असते, त्यामुळे त्यांना आजार सौम्य होतो. संसर्गाची साथ असताना केंद्रात जाण्यापेक्षा एखादे डायलिसिस चुकवलेले बरे. आणि मूत्रपिंडे निकामी असल्यामुळे लस शरीराबाहेर पडत नाही, म्हणून ती घेऊ नये. चारही विधाने चुकीची आहेत. त्यातले तिसरे तर ज्याने मानले त्याच्या जिवावर काही दिवसांत बेतू शकते, म्हणून हा प्रतिवाद.

पहिले विधान तपासण्यासाठी डायलायझर, म्हणजे यंत्रातला रक्त गाळणारा भाग, जवळून पाहणे पुरेसे आहे. पारदर्शक नळकांड्यात केसासारख्या बारीक, पोकळ अशा हजारो तंतूंची घट्ट जुडी भरलेली असते. रक्त या तंतूंच्या आतून वाहते, डायलिसिसचे द्रावण बाहेरून उलट दिशेने वाहते, आणि दोघांमधली तंतूची भिंत हीच काय ती गाळणी. तिची छिद्रे जेमतेम काही नॅनोमीटरची असतात. युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम यांसारखे लहान रेणू त्यांतून पलीकडे जावेत आणि अल्ब्युमिनसारखी उपयोगी प्रथिने रक्तातच राहावीत, अशाच बेताने ती घडवलेली असतात. करोनाचा विषाणू सुमारे १०० नॅनोमीटर व्यासाचा आहे. जी भिंत अल्ब्युमिनला अडवते तिच्यातून त्याच्या कितीतरी पट मोठा विषाणू बाहेर पडणे शक्य नाही. आणि छिद्रे तेवढी मोठी केली, तर विषाणूच्या आधी रुग्णाची प्रथिनेच वाहून जातील. शिवाय हा विषाणू मुख्यतः नाक, घसा आणि फुप्फुसे यांच्या पेशींमध्ये वाढतो. तिथे त्याची वाढ चालू असताना रक्त कितीही गाळले, तरी आजाराच्या मुळाला हात लागत नाही.

या विधानाला आधार म्हणून कधी कधी ‘रक्तातून विषाणू काढणाऱ्या फिल्टर’चा उल्लेख होतो. असे एक साधन आहे, हे खरे. त्याच्या आतल्या पृष्ठभागाला रोगजंतू चिकटतात, आणि अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये ते अतिदक्षता विभागातील गंभीर करोना रुग्णांसाठी वापरण्यास तातडीची परवानगी मिळाली होती. पण ते वेगळे साधन आहे. आठवड्यातून तीनदा होणाऱ्या नेहमीच्या डायलिसिसमध्ये ते नसते.

दुसऱ्या विधानाचा उगम शोधता येतो. वुहान विद्यापीठाच्या रेनमिन रुग्णालयातील डायलिसिस केंद्राने फेब्रुवारी २०२० मध्ये आपला अनुभव मांडला होता. तिथल्या २३० रुग्णांपैकी ३७ जणांना आणि ३३ कर्मचाऱ्यांपैकी ४ जणांना संसर्ग झाला होता. बाधित रुग्णांमध्ये बहुतेकांची लक्षणे सौम्य होती आणि न्यूमोनिया तीव्र झालेला दिसला नाही, असे त्या डॉक्टरांनी लिहिले. प्रतिकारशक्ती मंद असल्यामुळे ती अनावर होऊन फुप्फुसांना इजा करत नसावी, असा तर्कही त्यांनी केला. तेवढाच भाग उचलला गेला आणि जगभर पसरला. त्याच अहवालातला पुढचा आकडा मात्र मागे राहिला: त्या काळात केंद्रातील सात रुग्ण दगावले, आणि त्यांतले सहा करोनाबाधित होते. ३७ बाधितांपैकी सहा मृत्यू म्हणजे सहामध्ये एक. हे मृत्यू हृदयविकार, मेंदूचे विकार किंवा वाढलेले पोटॅशियम यांमुळे झाले असावेत, असे डॉक्टरांचे मत होते. पण डायलिसिसच्या रुग्णाला संसर्ग झाल्यावर त्याचे हृदय बंद पडले, तर फुप्फुसांचा फोटो स्वच्छ होता म्हणून त्याचा आजार ‘सौम्य’ होता, असे म्हणता येईल का?

पुढे मोठ्या संख्येने नोंदी हाती आल्या, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. २०२० च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत बाधित झालेल्या, मुख्यतः युरोपातील ७६८ डायलिसिस रुग्णांच्या एका नोंदवहीत २८ दिवसांतील मृत्यूची शक्यता २५ टक्के निघाली, म्हणजे चारांत एक. नंतर लसीकरण झाले, ओमायक्रॉन आला, उपचार सुधारले आणि हे प्रमाण बरेच खाली आले. आजच्या रुग्णाला २०२० चा आकडा जसाच्या तसा लावू नये. परंतु डायलिसिसवर नसलेल्या त्याच वयाच्या माणसापेक्षा त्याचा धोका जास्त असतो, हे बदललेले नाही. मंद प्रतिकारशक्ती हे इथे संरक्षण ठरत नाही. रक्तात साठणाऱ्या टाकाऊ द्रव्यांमुळे पांढऱ्या पेशींची विषाणूशी लढण्याची ताकद घटते आणि त्याच वेळी शरीरात कायमचा सौम्य दाह चालू असतो, म्हणजे दोन्हीकडून तोटाच. या रुग्णांच्या शरीराचे तापमान मुळातच थोडे कमी असते, त्यामुळे संसर्ग असूनही ताप उशिरा किंवा कमी दिसू शकतो. तापमापीवरचा साधा आकडा पाहून घरचे निश्चिंत होतात, तेव्हा हे ध्यानात ठेवायला हवे.

आता तिसरे विधान. त्यामागची भीती खोटी नाही. वुहानचेच आकडे सांगतात की डायलिसिस केंद्रात संसर्ग वेगाने पसरू शकतो. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास, अनेक माणसे एका खोलीत असतात, आणि त्याआधीचा व नंतरचा वेळ प्रतीक्षाकक्षात किंवा एकाच वाहनात जातो. घरात बसून हे टाळता येत नाही, ही या रुग्णांची खरी अडचण आहे. पण त्यावर डायलिसिस चुकवणे हा उपाय नाही.

कारण मूत्रपिंडे साथीसाठी थांबत नाहीत. डायलिसिस न झालेल्या प्रत्येक दिवशी पोटॅशियम साठत जाते आणि ते फार वाढले, तर हृदयाचा ठोका पूर्वसूचना न देता बिघडतो किंवा थांबतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार अशा वेळापत्रकात शनिवार-रविवारचा जो नेहमीचा मोठा खंड पडतो, तोदेखील निर्धोक नसतो. अमेरिकेतील ३२,०६५ रुग्णांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या मोठ्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यूचे प्रमाण दर १०० रुग्ण-वर्षांमागे (एक रुग्ण-वर्ष म्हणजे एका रुग्णाचे एक वर्ष) २२.१ होते, तर इतर दिवशी १८.०. हा वेळापत्रकातला साधा खंड आहे. त्यात आणखी एक डायलिसिस चुकवले, तर काय होईल याचा अंदाज कोणीही करावा.

दुसरी गोष्ट पाण्याची. लघवी होत नसल्यामुळे प्यायलेले पाणी अंगात साठते, आधी पायांवर सूज येते आणि मग ते फुप्फुसांत उतरते. रात्री आडवे झाले की दम लागतो, खोकला येतो, बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा घसरतो. हे सगळे करोनाच्या न्यूमोनियासारखेच दिसते, आणि छातीच्या एक्स-रेमध्येही दोन्ही बाजूंना पांढुरके डाग दोन्ही आजारांत येऊ शकतात. डायलिसिस चुकवून दम लागलेल्या अवस्थेत रुग्ण दाखल होतो, तेव्हा हे पाणी आहे, विषाणू आहे की दोन्ही आहेत, हे डॉक्टरांनाही लगेच सांगता येत नाही. बऱ्याचदा डायलिसिस करून पाणी काढल्यावरच त्याचा उलगडा होतो. जे टाळायचे म्हणून घरी राहिले, तेच शेवटी रात्री-अपरात्री, आणि कितीतरी वाईट अवस्थेत करावे लागते.

संसर्ग झालेल्या रुग्णाचेही डायलिसिस थांबवायचे नसते. त्याने आधी फोन करून केंद्राला कळवावे, सांगितलेल्या वेळी मास्क लावून जावे. केंद्राने त्याला वेगळ्या खोलीत, ती नसेल तर शेवटच्या पाळीत, इतरांपासून किमान दोन मीटर अंतरावर घ्यावे. ज्यांना घरी पोटाचे (पोटात द्रावण भरून होणारे) डायलिसिस शक्य आहे, त्यांनी तो पर्याय डॉक्टरांशी जरूर बोलावा.

लसीविषयीचे विधान थोडक्यात निकाली निघते. लस मूत्रपिंडांवाटे बाहेर पडावी लागत नाही. एमआरएनए लसीतला रेणू पेशींमध्येच काही दिवसांत मोडून जातो आणि इतर लसींतील घटकांचीही शरीर स्वतःच विल्हेवाट लावते, त्यामुळे काहीही ‘साचत’ नाही. या विधानाच्या आसपास एक खरी गोष्ट मात्र आहे: डायलिसिसच्या रुग्णांत लसीमुळे तयार होणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) कमी असतात आणि लवकर ओसरतात. हेपॅटायटिस बी च्या लसीत हा अनुभव जुना आहे, आणि तिथे डॉक्टर या रुग्णांना दुप्पट मात्रा देतात. लस नाकारत नाहीत. करोनाच्या लसीतही याच कारणासाठी त्यांना जादा मात्रांचा सल्ला दिला गेला. टोचून घेताना एवढे पाहावे की फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिन्या) असलेला हात सोडून दुसऱ्या हाताला टोचले जाईल.

औषधांबाबतही जुनी माहिती अजून फिरते. रेमडेसिव्हिर सुरुवातीला मूत्रपिंडे निकामी असलेल्यांना टाळले जाई. जुलै २०२३ पासून अमेरिकेच्या औषध नियामकाने ते डायलिसिसच्या रुग्णांसाठीही मान्य केले आहे. त्यामुळे ‘आमच्यासाठी औषधच नाही’ असे समजून चाचणीला उशीर करू नये.

शेवटी एक गोष्ट, जी त्या मजकुरात नाही आणि ‘सौम्य आजार’ म्हणून सोडून दिलेल्या रुग्णांत हमखास नजरेआड होते. डायलिसिसच्या आधी रुग्ण वजनकाट्यावर उभा राहतो, काटा ६३ दाखवतो, ठरलेले ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचे वजन, ६० असते, म्हणून तीन लिटर पाणी काढले जाते. संसर्गात भूक मेलेली असते, स्नायू झिजतात, आणि पंधरा दिवसांत त्याचे खरे वजन ६० वरून ५८ वर आलेले असू शकते. काटा मात्र तेच ६३ दाखवतो, कारण गेलेल्या मांसाची जागा पाण्याने घेतलेली असते. तीनच लिटर काढले, तर दोन लिटर अंगात राहतात, आणि करोनातून उठलेला माणूस आठवडाभराने दम लागून पुन्हा दाखल होतो. म्हणून बरे झाल्यावरच्या पहिल्याच डायलिसिसला खाणे किती कमी झाले होते हे सांगावे आणि ड्राय वेट नव्याने ठरवून घ्यावे.