अ‍ॅजाइलच्या नावावर आराखडा फेकू नका

माझा भाचा आणि त्याचे दोन मित्र दर्यापूर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी कापूस-तूर खरेदीचं सॉफ्टवेअर करताहेत. परवा त्याने मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, आता डिझाइन करत बसाचं नाही, डायरेक्ट कोड लिवाचा." हा मेसेज कितीतरी दिवसांपासून ग्रुपांवर फिरतोय. मी दुर्लक्ष करत होते. पण आता पोरं त्यावरून कामाची दिशा ठरवायला लागली, म्हणून लिहिते.

मेसेज म्हणतो: अ‍ॅजाइलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर थोडं थोडं करून, दाखवत-बदलत नेण्याच्या पद्धतीत, आर्किटेक्चर (सॉफ्टवेअरचा मूळ आराखडा) नसतं. जे चुकेल ते नंतर रिफॅक्टर करता येतं. डॉक्युमेंट लिहिणं म्हणजे वेळ वाया. आणि सुरुवातीपासून मायक्रोसर्व्हिसेस (एका मोठ्या प्रोग्रामऐवजी सुटे छोटे प्रोग्राम) घेतल्या की आराखडा लागतच नाही.

पहिली गोष्ट साफ खोटी आहे. 2001 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे 17 जण जमले आणि त्यांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यासोबत 12 तत्त्वं आहेत, ती सगळी मिळून एका पानात मावतात. नववं तत्त्व सांगतं की तांत्रिक उत्कृष्टतेकडे आणि चांगल्या डिझाइनकडे सतत लक्ष दिलं तर चपळाई वाढते. अकराव्यात तर आर्किटेक्चर हा शब्दच आहे: उत्तम आर्किटेक्चर स्वतःचं काम स्वतः आखणाऱ्या टीममधून उभं राहतं. ते टीमने घडवायचं आहे. घडवायचंच नाही, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. फॉरवर्ड करणाऱ्यांनी ते एक पान तरी वाचायला हवं होतं.

सगळ्यात घातक दावा दुसरा. रिफॅक्टरिंग म्हणजे सॉफ्टवेअरचं बाहेरचं वागणं तसंच ठेवून आतली रचना सुधारणं. कोड असा सुधारता येतो. पण शेतकऱ्याच्या हातात गेलेली पावती आणि डेटाबेसमध्ये एकदा चुकीची बसलेली नोंद अशी सुधारत नाही.

भाच्याच्या मसुद्यात शेतकऱ्याची ओळख म्हणजे त्याचा मोबाईल नंबर. आता आपल्या गावातलं घर डोळ्यासमोर आणा. बाप आणि दोन भाऊ, तिघांचे सात-बारा वेगळे, बँक खाती वेगळी, आणि नोंदवायला दिलेला नंबर एकच, घरातल्या शिकलेल्या पोराचा. तिघांचा कापूस एका नावावर चढणार. वर्षभरात सिम बंद पडलं आणि तो नंबर दुसऱ्याच कुणाला मिळाला, तर या घरचा हिशेब त्या नव्या माणसाच्या नावावर दिसणार. पुढच्या हंगामात हे दुरुस्त करायला बसलात, तर कोणती काटापट्टी कोणत्या भावाची हे कुठलाही प्रोग्राम सांगू शकत नाही. घरोघरी जाऊन जुन्या पावत्या शोधाव्या लागतील, तेही वेचणी सुरू असताना, गाड्या काट्यावर उभ्या असताना. चुकारा अडकला तर उधारी चुकवायची वाट पाहणारा माणूस तिथे उभा असतो. त्याला "पुढच्या स्प्रिंटमध्ये", म्हणजे कामाच्या पुढच्या छोट्या टप्प्यात, "करतो" असं कोणत्या तोंडाने सांगणार?

पावती क्रमांकाचंही तसंच. दोन केंद्रांवर रेंज गेली, दोघांनी आपापल्या टॅबवर 341 नंबरची पावती फाडली, आणि रेंज आल्यावर एका नोंदीवर दुसरी बसली. क्रमांकात केंद्राचा कोड घालायचं आज ठरवलं तर अर्ध्या तासाचं काम आहे.

डॉक्युमेंटबद्दल मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, ते मान्य करते. कुणी न वाचणारे जाडजूड आराखडे मीही पाहिलेत, आणि सहा महिने नुसत्या आकृत्या काढण्यापेक्षा पंधरा दिवसांत एक खरी पावती छापून केंद्रावर दाखवणं केव्हाही चांगलं. मी स्वतः स्प्रिंटमध्येच काम करते. पण जाहीरनामा चालतं सॉफ्टवेअर सविस्तर कागदपत्रांच्या वर ठेवतो आणि कागदपत्रांनाही मोल आहे असं तिथेच सांगतो. काय ठरवलं आणि का, एवढं अर्ध्या पानात लिहून ठेवायला काय हरकत आहे?

मायक्रोसर्व्हिसेसचा मुद्दा तर उलटाच आहे. एका प्रोग्रामचे दहा तुकडे केले की कोणता तुकडा कोणाशी काय बोलतो आणि मधला एक बंद पडला तर काय होतं, हे सगळं आधी ठरवावं लागतं. म्हणजे आराखडा जास्तच लागतो. तीन पोरांनी एक प्रोग्राम, एक डेटाबेस घ्यावा आणि आतले भाग नीट वेगळे ठेवावेत.

तेव्हा बाळा, बदलायला महाग काय आणि स्वस्त काय, हे आधी वेगळं करा. स्क्रीन, रिपोर्ट, मेसेजची भाषा दर पंधरा दिवसांनी बदलली तरी चालेल. शेतकऱ्याची ओळख, पावती क्रमांक, रेंज नसतानाची नोंद आणि पैशांचा हिशेब हे कोड लिहिण्याआधी ठरवा, दोन दिवस लागले तरी. मक्त्याच्या शेतीचे सगळे नियम आत्ता सोडवत बसू नका, ते केंद्रावर बसून हळूहळू कळतील. पण माल आणणारा आणि जमिनीचा मालक हे दोन रकाने आजच वेगळे ठेवा.