डावं पायडल

काल एका सज्जनाने माझ्या जुन्या सायकलला मदत केली. तेव्हापासून ती बंद आहे.

झालं होतं एवढंच, की डावं पायडल जरा ढिलं झालं. कडेला थांबून मी पिशवीतून पाना काढतोय, तोवर हे गृहस्थ आपली मोटारसायकल स्टँडला लावून हजर. "सोडा हो, तुम्हाला नाही जमायचं," म्हणत पाना काढूनही घेतला आणि पिळायला लागले. उजवीकडे.

"अहो, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. उलटं फिरवा."

"उलटे?" त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "फसवलंय तुम्हाला दुकानदाराने."

मी समजावलं, की सायकलींना असंच असतं. नाहीतर पाय मारता मारता डावं पायडल आपसूक सुटत जाईल. वर राईट बंधूंचंही नाव काढलं. तेही मुळात सायकलवाले. 1903 साली उडालेल्या त्यांच्या विमानाचे पंखेसुद्धा सायकलसारख्या चेननेच फिरायचे!

"म्हणजे शेवटी सायकल सोडलीच ना त्यांनी?" गृहस्थ म्हणाले. "त्यांना कळलं, तुम्हाला कळेना!"

तेवढ्यात पायडल सुटून त्यांच्या हातात आलं. "बघा! सडलंय." मग तेच पायडल तिरकं धरून, पुन्हा उजवीकडेच पिळत, आत जाईना म्हणून दगडाने ठोकायला सुरुवात. मी हात धरला तर म्हणतात, "वडिलांची आठवण का?"

"नाही. जुनीच विकत घेतलेली."

"मग आजोबांची असेल." दगड चालूच.

जुनी सायकल म्हटली की लोकांना तिच्यावर कुणीतरी वारलेलं माणूस बसलेलं हवं असतं. माझ्या सायकलला असलं काही नाही. तिची चामड्याची सीट फक्त माझ्या बैठकीच्या मापाने खोलगट झालीय, उजवीकडे जरा जास्तच, आणि तो खळगा दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचा नाही. चेनकव्हर दर फेऱ्याला त्याच जागी 'टक्' करतं. ते थांबलं तर मलाच चुकल्यासारखं होईल. याला भावना म्हणायचं तर म्हणा, पण दगड खाली ठेवा.

जाताना त्यांनी सायकल उचलून पाहिली. "केवढी जड ही!" आता शर्यतीच्या सायकलीसुद्धा 6.8 किलोपेक्षा हलक्या चालत नाहीत, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. माझी सायकल तो नियम एकटी तिघींच्या वाटचा पाळते. हे मी बोललो नाही. राईट बंधूंचं काय झालं ते पाहिलं होतं.

खरा वैताग पुढेच. जुनी सायकल चालवणाऱ्याला हल्ली सल्ले फुकट मिळतात, पार्ट मिळत नाहीत. कॉटर पिनवाला क्रँक, म्हणजे पायडल ज्यात बसतं तो खिळीने अडकवलेला जुन्या पद्धतीचा दांडा, मागितला की मेकॅनिक आधी विचारतो, "नवीन का नाही घेत?" अहो, मी क्रँक मागतोय, मत नाही! हीच माणसं पर्यावरणाच्या गप्पा मारताना मात्र "सायकल चालवा" म्हणून कंठशोष करणार.

आजच्या मेकॅनिकने क्रँकमध्ये बोट घालून पाहिलं. आटे साफ गेलेले.

"डावे आटे पाडायचं हत्यार नाही माझ्याकडे. उजवेच पाडतो, उजवंच पायडल लावतो."

"सुटेल ना ते!"

"सुटलं तर रस्त्यात कुणीही पिळून देईल," तो म्हणाला. "चांगली माणसं असतात हो."