किडलेल्या दाताला सिमेंट धरत नाही? खुलासा

खानापूर-निपाणीकडच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘किडलेल्या दाताला पांढरं सिमेंट धरतच नाही, दात काढूनच टाका.’ हे चुकीचं आहे. दंतवैद्य म्हणून कळकळीने सांगते, यावर विसंबून दात काढू नका.

त्यात तथ्य एवढंच की, किडीने बाधलेल्या डेंटिनवर (दाताच्या वरच्या कडक कवचाखालचा थर) बॉंडिंगची, म्हणजे पांढरं सिमेंट दाताला चिकटवण्याची, पकड निरोगी भागापेक्षा कमी बसते. तिथलं कॅल्शियम झडलेलं असतं, ओल जास्त असते आणि दातातलीच एन्झाइम्स पकड धरणारे कोलॅजन या प्रथिनाचे धागे हळूहळू तोडतात. पण पकड वाढवता येते. भिजलेल्या खडूसारखा मऊ थर आम्ही खरवडतो. खोल किडीत नसेजवळचा चामड्यासारखा तपकिरी थर मुद्दाम ठेवतो, नाहीतर नस उघडी पडते. कडा मात्र कडक, स्वच्छ हव्यातच, खरा आधार तिथला. २ टक्के क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने ही एन्झाइम्स मंदावतात, असं प्रयोगशाळेत दिसलंय. आणि लाळ! ती लागली की उत्तम बॉंडिंगही वाया. रबर डॅम (लाळ अडवणारा रबराचा पातळ पडदा) लावायला वेळ गेला तर कंटाळू नका.

परवा एक आजी हाच मेसेज दाखवत दाढ काढायला आल्या. थंड पाण्याने कळ यायची आणि लगेच थांबायची, म्हणजे नस जिवंत होती. दाढ भरली.