कोपरा सजवू नका, आधी राखा

कामावरून आल्यावर जरा टेकायला घरात स्वतःची अशी जागा हवी, हे आता बहुतेकांना पटतं. पण ती करायची म्हटलं की गाडी थेट खरेदीवर येते. सुगंधी मेणबत्त्या, गुबगुबीत उशा, भिंतीला नवा रंग. माझं मत स्पष्ट आहे: अशा जागेत काय आणून ठेवलंय यापेक्षा तिथे काय येऊ द्यायचं नाही, हे आधी ठरवायला हवं.

पहिली बंदी फोनवर. ऑफिसचा ग्रुप हातात घेऊन आरामखुर्चीत बसलं, तर ते ऑफिसच. साबिने सोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ या संशोधकांनी २००७ मध्ये कामाच्या थकव्यातून माणूस कसा सावरतो याची मोजपट्टी मांडली. तिच्यात चार गोष्टी आहेत: कामापासून मनाने सुटणं, सैलावणं, काहीतरी नवं शिकणं-जमवणं, आणि आपल्या वेळेवर आपला ताबा असणं. मला यातली शेवटची फार मोलाची वाटते. दिवसभर आपण दुसऱ्याच्या वेळापत्रकावर चालतो. संध्याकाळचा थोडा वेळ तरी काय करायचं, की काहीच करायचं नाही, हे कुणाला न विचारता ठरवता यायला हवं.

आता मनाने सुटणं म्हणजे कठीणच, कारण अर्धवट राहिलेली कामं डोक्यात भुणभुणत राहतात. त्यावर एक साधी गोष्ट लागू पडते. तिथे बसण्याआधी, दुसऱ्याच जागी, राहिलेलं काम कागदावर उतरवायचं. नुसती यादी नको. ‘उद्या आल्याआल्या हिशेबाची फाइल उघडायची, तिसऱ्या रकान्यापासून पुढे’ इतकं नेमकं. कधी आणि कुठून सुरू करायचं हे ठरलं, की मन त्या कामाचा पदर सोडतं. कागद त्या दुसऱ्या जागीच ठेवून उठायचं.

जागा मोठी लागत नाही. एक खुर्ची मावली तरी पुरे. मात्र तिची पाठ भिंतीकडे हवी. मागून माणसांची ये-जा असेल तर खांदे सैल पडतच नाहीत, बघा करून. तोंड खिडकीकडे आणि बाहेर एखादं झाड दिसत असेल तर उत्तमच. रॉजर उलरिक या संशोधकाने १९८४ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, आणि त्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. झाड नसेल तर आभाळाचा तुकडाही चालतो, असं आपलं माझं मत.

खर्च करायचाच असेल तर तो दिव्यावर करा. छतावरची पांढरीफटक ट्यूब बंद, आणि बाजूला खालच्या उंचीवर २७०० केल्विनचा (हा आकडा प्रकाशाची छटा सांगतो) पिवळसर दिवा. दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्यात असतात, आणि निळसर प्रकाश त्यांना सर्वात जास्त जागवतो. रात्री तोच डोळ्यांवर पडत राहिला तर झोपेची तयारी करणारं मेलाटोनिन हे शरीरातलं संप्रेरक दबतं.

पण खरी अडचण दिव्याची नाही, माणसांची आहे. हा कोपरा घरात सगळ्यात आधी मिळतो तो बाहेरून दमून येणाऱ्याला. जी व्यक्ती घरच सांभाळते, मुलांचं किंवा आजारी माणसाचं करते, तिच्या कामाला सुटण्याची वेळच नसते. म्हणून तिला विश्रांतीची गरजच नाही असं धरून चाललं जातं. हे मला अजिबात मान्य नाही. जागा एकच असेल तर पाळी लावा, आणि पहिली पाळी तिची. ती तिथे बसली असताना चार्जर कुठाय, टॉवेल कुठाय, गोळ्या कुठे ठेवल्यात, हे घरातल्या बाकीच्यांनी आपापसात विचारावं किंवा उठून शोधावं.