जवानाला पत्र लिहिताय ना? मग खाली पत्ता लिहा!

आज भाच्याच्या शाळेचा मेसेज आला. २६ जुलैला कारगिल विजय दिवस, त्यानिमित्त प्रत्येकानं ‘सैनिकदादास पत्र’ आणायचं. सोबत नमुना. ‘तुम्ही सीमेवर जागता म्हणून आम्ही सुखाने झोपतो’ वगैरे. तो उतरवायचा, खाली नाव नि इयत्ता. आणि ठळक अक्षरांत सूचना : पत्ता लिहू नये.

मग त्यानं उत्तर टाकायचं कुठं? ढगात?

१९९९च्या जुलैत मी नववीत होते. आम्हालाही शाळेनंच लिहायला बसवलं होतं, हे मान्य. पण फळ्यावर मजकूर नव्हता. मला देशभक्तीचं काही सुचेना, म्हणून लिहिलं की पाऊस ओढ देतोय, आमची गाय गाभण आहे आणि भूमिती डोक्यात शिरत नाही. खाली मुक्काम, पोस्ट, तालुका सगळं.

दिवाळीनंतर निळं आंतरदेशीय आलं. तोफखान्यातले एक दादा, हुद्द्यानं नाईक, कोल्हापूरकडचे. पाठवणाऱ्याच्या जागी नंबर, हुद्दा, नाव, युनिट, ‘मार्फत ५६ एपीओ’, म्हणजे फौजेचं पोस्ट. कुठल्या डोंगरावरून लिहिलंय ते कळायची सोय नाही. लढाईबद्दल अक्षर नाही. पहिलाच प्रश्न : गाय व्याली का? कालवड की खोंड?

कालवड झाली होती. तिच्यावर आमची पत्रं कित्येक वर्षं चालली. तिचं नाव दादांनीच ठेवलं. कारगिलच्या लढाईत द्रासला बोफोर्स तोफेवर होतो, हे त्यांनी सांगितलं ते सुट्टीत आमच्या ओसरीवर चहा पिताना, तेही आबांनी खोदून खोदून विचारल्यावर. मला विचारलं, भूमितीत किती पडले?

हल्ली जवान रोज व्हिडिओ कॉल करतात म्हणाल. करतात, घरच्यांशी. अनोळखी पोरीच्या गाईची चौकशी त्यात कुठून येणार? आणि मुलांच्या सुरक्षिततेचं म्हणत असाल तर तेही ठीक, मग शाळेचा पत्ता घाला की! तेवढंही करायचं नाही, कारण गठ्ठा हातात धरून काढायचा फोटो महत्त्वाचा. गेल्या वर्षीचा पाहिलाय मी. पुढे बॅनर, मागे मुलांची नुसती डोकी.

बाईंना बोलत नाहीये. त्यांना वरून जे येतं ते त्या पुढे ढकलतात. पण वर्गभराची एकसारखी पत्रं त्या माणसानं वाचायची तरी कशी?

भाच्याला म्हटलं, नमुना ठेव बाजूला. त्यानं लिहिलंय, बिल्डिंगखालच्या कुत्रीला पिल्लं झालीत, एक लंगडतं, तुमच्या पोस्टवर कुत्रा आहे का? पत्ता माझा घातलाय. शाळेनं नाकारलं तर दादांचा पुतण्या आता फौजेत आहे, त्याच्या युनिटला धाडते.