न्हावा-शेवा आलं, आता फक्त ठाणं उरलं

सर्वप्रथम अभिनंदन. कंपनीने परदेशातून ९२ टनांचा प्रेस (पत्र्याचे भाग दाबायचं यंत्र) मागवला आणि तो बंदरातून ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या शेडपर्यंत आणायचं काम तुमच्या गळ्यात पडलं. त्या मीटिंगमध्ये बाकी सगळे खाली मान घालून वहीत काहीबाही लिहीत होते, तुम्ही तेवढं वर बघितलंत. चूक तिथेच झाली. आता निदान पुढचं तरी नीट करा. मी हे काम एकदा केलेलं आहे, आणि एकदाच केलेल्या कामाबद्दल आयुष्यभर सल्ले देण्याची आपल्याकडे लग्नापासूनची परंपरा आहे.

समुद्राची काळजी सोडा. जहाज लाल समुद्र टाळून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून आलं, याचं फार कौतुक करू नका. वाटेत त्याला एकही केबलवाला भेटला नाही. कमान नाही, मंडप नाही, ‘जरा पुढे घ्या, आमचं दुकान झाकलं जातंय’ म्हणणारा कुणी नाही. खरी सफर बंदराबाहेर करळ फाट्याला सुरू होते.

करळ फाटा ते वागळे इस्टेट साठेक किलोमीटर. पण घरी सांगताना ‘साठच किलोमीटर’ म्हणू नका, रात्रीच्या जेवणाला वाट बघतील. सरकारचा हिशेब सांगा. जीएसटीच्या ई-वे बिलात, म्हणजे मालासोबत न्यायच्या ऑनलाइन कागदात, साध्या ट्रकला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो आणि ओडीसीला दर २० किलोमीटरला एक दिवस. (ओडीसी म्हणजे मापाबाहेरचा माल. ओडिसी नाचाशी संबंध नाही, तरी रात्री दोन वाजता आख्खी टीम ट्रेलरभोवती नाचताना दिसेल तेव्हा शंका येईल.) हा २० किलोमीटरचा आकडा ज्याने घातला त्याच्याबद्दल मला नितांत आदर आहे. तो माणूस कधीतरी शिळफाट्याला अडकलेला असणार. आळंदीहून निघालेली पालखीही दिवसाला साधारण एवढंच चालते, आणि तिला मध्ये दिवे घाट लागतो. बिलाची मुदत वाढवायची तर ती संपण्याच्या आठ तास आधी किंवा आठ तास नंतर, एवढीच खिडकी उघडी असते. तेव्हा मोबाइलवर गजर लावा. तो वाजेल तेव्हा तुम्ही जासईच्या आसपास एका पायावर उभे असाल.

आता परवानग्या. केंद्रीय नियमाप्रमाणे गाडीची रुंदी २.६ मीटरच्या आत हवी. हायवेची एक मार्गिका ३.५ मीटरची. आपला प्रेस ४.६ मीटरचा. म्हणजे आपण दोन मार्गिका खाणार, आणि तिसरीत हॉर्न वाजणार. हायड्रॉलिक अ‍ॅक्सलचा ट्रेलर आणि माल मिळून एकूण वजन १६९ टनांच्या आत असेल तर राष्ट्रीय महामार्गाची परवानगी ऑनलाइन मिळते. त्यापुढे गेलात की वाटेतल्या पुलांची वेगळी तपासणी. आपण १६९ च्या आत बसत होतो, म्हणून मी त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. आता आठवलं की लाज वाटते.

कारण रस्ता दिसायला एक असला तरी त्याचे मालक बदलत जातात. हा तुकडा महामार्गाचा, तो सार्वजनिक बांधकामचा, पुढचा सिडकोच्या वसाहतीतला, मग महापालिका एक, महापालिका दोन, वर मेट्रोचं काम चालू तिथे आणखी कुणी. वाहतूक पोलीस नवी मुंबईचे वेगळे, ठाण्याचे वेगळे. प्रत्येकाला आधीच्याचा कागद लागतो. पहिल्यालाही लागतो. माझा सल्ला असा की प्रत्येक कागदाच्या आठ झेरॉक्स काढा, सात जमा करा आणि आठवी नीट जपा, कारण तीच हरवलेली आहे असं तुम्हाला सांगितलं जाईल. एका कार्यालयात (कुठल्या ते विचारू नका, मला अजून ठाण्यात राहायचंय) अर्जात ‘परतीच्या प्रवासाची तारीख’ असा रकाना होता. मी रिकामा सोडला. अर्ज परत आला. ‘परत नेणार नाही’ असं लिहिलं, तरी परत आला, कारण तिथे तारीख हवी. शेवटी ‘यंत्राचं आयुष्य संपल्यावर, अंदाजे २०५०’ असं लिहिलं. लगेच शिक्का बसला. साहेब म्हणाले, ‘हे आधीच लिहायचं ना.’

कागद झाले की मार्गाची पाहणी करा. एक गाडी, तिच्यावर उंचीची काठी आणि मागे वही घेऊन बसलेला सुपरवायझर. काठी ज्याला लागेल ते लिहून घ्यायचं. हे काम एप्रिलमध्ये उरकून टाका, म्हणजे ऑगस्टमध्ये यंत्र येईपर्यंत त्यातलं काहीही खरं उरणार नाही. आमच्या वहीत एका उड्डाणपुलाखाली ५.५ मीटर उंची होती. प्रेस ४.३ मीटर, ट्रेलरचं प्लॅटफॉर्म १.१. म्हणजे दहा सेंटिमीटरची ऐश. पण पावसाळ्याच्या तोंडावर कुणा पुण्यवंताने तिथे डांबराचा नवा थर चढवला होता. जुना न खरवडता, वरूनच. रस्ता वर आला, पूल होता तिथेच राहिला आणि आमची ऐश मधल्यामध्ये चेपली. खड्ड्यांबद्दल सगळेच बोलतात. रस्ता उंच होण्याचं दुःख फक्त ओडीसीवाल्यालाच कळतं.

अशा वेळी घाबरू नका, हायड्रॉलिक अ‍ॅक्सल कशाला आहे? दहा अ‍ॅक्सल, प्रत्येकी आठ टायर. सगळा प्लॅटफॉर्म साधारण एक फूट खाली घेता येतो आणि तेवढाच वर. उस्तादाने लिव्हर खेचला आणि ऐंशी चाकं एकदम उकिडवी बसली. पुढून घोडा, म्हणजे ओढणारा पुलर, हळूहळू खेचत होता. हेल्पर वर पालथा पडून पुलाच्या पोटाकडे टॉर्च मारत ‘आन दे, आन दे’ करत होता. मागे उभ्या असलेल्या रिक्षावाल्याने विचारलं, ‘मेट्रोचं आहे का?’

या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरवून ठेवा. ठाण्यात रात्री जे काही मोठं हलतं ते मेट्रोचंच असतं, अशी जनतेची पक्की धारणा आहे. शिळफाट्याच्या अलीकडे-पलीकडे ते बुलेट ट्रेनचं होतं, कारण बीकेसीपासूनचा २१ किलोमीटरचा बोगदा तिथेच बाहेर निघायचा आहे. आम्ही सुरुवातीला ‘प्रेस आहे, पत्र्याचे भाग दाबायचा’ असं प्रामाणिकपणे सांगत होतो. लोकांचा चेहरा पडायचा. एवढा खोळंबा करून खाजगी कंपनीचा पत्रा? मग आम्ही ‘हो, मेट्रोचंच’ म्हणायला लागलो. एका गृहस्थांनी गाडीतून उतरून ‘कधी सुरू होणार?’ विचारलं. क्लीनरने ‘दिवाळीला’ सांगितलं. कुठल्या दिवाळीला ते त्यांनीही विचारलं नाही. अनुभवी ठाणेकर होते.

तारांचं मात्र मनापासून सांगतो. यासाठी महागडा सल्लागार नेमू नका, गणपती मंडळाची चार पोरं नेमा. पेणहून मोठ्या मूर्ती याच पळस्प्याच्या रस्त्याने येतात. मापाबाहेरचा, नाजूक आणि मुहूर्तावर पोचवायचा माल रात्रीत न्यायचा अनुभव आपल्याकडे त्यांच्याइतका कुणाला नाही. टोकाला बेचकं असलेला बांबू घेऊन ती ट्रेलरच्या पुढे चालतात. त्यांना विचारलं की कळतं, कुठल्या वळणावर इंटरनेटची वायर किती फुटांवर लोंबते, कुठल्या झाडाची फांदी कुणाच्या नावावर आहे आणि कुठल्या कमानीवरचा भावी नगरसेवक उद्या उतरणार आहे. आमच्या पाहणीच्या वहीत एवढं काहीच नव्हतं. (विजेच्या तारेला बांबू लावायचा नाही. तिथे महावितरणचा रीतसर शटडाऊन घ्यायचा आणि त्यांचा माणूस येईपर्यंत गप उभं राहायचं. हे वाक्य उपरोधाने वाचू नका.) पोरांना सवय अशी, की अवघड वळण पार पडलं की ‘मोरया’ निघायचंच तोंडून. तो गजर ऐकून समोर आडवा लावलेला टेम्पो स्वतःहून मागे सरला. त्याआधी पुढे वाट मोकळी करत चालणाऱ्या पायलट गाडीचा भोंगा वीस मिनिटं वाजत होता.

दिवसा काय करायचं, असं तुम्ही विचाराल. काही नाही. शहरात अवजड गाड्यांना बंदीच्या वेळा असतात, ओडीसीला तर रात्रच. दिवसा कळंबोलीला, लोखंड बाजाराच्या आसपास, ट्रेलरच्या सावलीत बसून चहा प्यायचा. बाजूच्या ट्रेलरवर पवनचक्कीचं पातं असतं, त्याच्या सुपरवायझरशी गप्पा मारायच्या. तो आठ दिवस तिथे असतो. त्याला भेटलं की आपलं दुःख हलकं होतं.

पुलांवर शिस्त पाळा. एवढा बोजा पुलावरून न्यायचा तर पुलाच्या बरोबर मध्यातून, ताशी पाच किलोमीटरच्या आत, मध्ये ब्रेक न मारता, आणि पुलावर दुसरं एकही वाहन नसताना. अटी शास्त्रीय आहेत. ब्रेकचा धक्का आणि एका बाजूचा भार पुलाच्या गर्डरला मानवत नाही. आता पहाटे तीन वाजता खारेगावच्या खाडीपुलावर दुसरं वाहन नसणं म्हणजे काय, हे तुम्ही स्वतः अनुभवा. पोलीस गाड्या अडवतात, पण दुचाकीला आपण वाहन समजत नाही हा आपला राष्ट्रीय करार आहे. ऐंशी चाकांच्या आणि कठड्याच्या मधून एक जण डबा हँडलला अडकवून निघून गेला. जाताना टायरला थोपटून गेला. २०१८ मध्ये मुंब्रा बायपास दुरुस्तीसाठी बंद असताना बंदराची सगळी अवजड वाहतूक ज्यांच्या दारावरून वळवली होती, त्या लोकांना तुमच्या ट्रेलरची काय भीती?

एक राहिलं. सेफ्टी विभागाला विश्वासात घ्या. आमच्याकडून त्यांनी ट्रेलरचा कमाल वेग लेखी मागितला होता. मी ‘ताशी पाच’ लिहिलं. त्यांनी ते गांभीर्याने घेतलं. किती गांभीर्याने, ते मला नंतर कळलं.

आणि यंत्रासोबत आलेल्या धक्का मोजणाऱ्या डबीशी चुकूनही मैत्री करू नका. मुठीएवढी असते, प्रेसला चिकटवलेली. कुठे, किती वाजता, किती जोराचा दणका बसला ते सगळं गुपचूप लिहून ठेवते. आपल्या रस्त्यांबद्दल एवढी स्पष्टवक्ती वस्तू मी पाहिलेली नाही. पोचल्यावर कंपनीचा परदेशी इंजिनीअर आला आणि त्याने तिचा आलेख लॅपटॉपवर उघडला. आफ्रिकेचा वळसा म्हणजे सरळ रेष, वाऱ्याने हललेल्या दोरीसारखी. बंदरात क्रेनने उचललं तिथे एक उंचवटा. मग तळोजा ते शिळफाटा दाट कुरळे केस. इथवर तो काही बोलला नाही. शेवटी, पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी, एक सुळका थेट वर गेलेला होता.

‘इथे अपघात झाला होता का?’ त्याने विचारलं.

आम्ही पायलटची डायरी काढली. ४.१० ला आम्ही रस्त्यावर नव्हतोच. कंपनीच्या गेटमध्ये होतो. आदल्या संध्याकाळी सेफ्टी विभागाने तिथे काँक्रीटचा नवा कोरा स्पीडब्रेकर बांधून घेतला होता, काळे-पिवळे पट्टे मारून. ट्रेलर भरधाव आत येऊ नये म्हणून.